ज्याचं मशीन त्याचं बोट

आमच्या गुणाआत्याचा आवाज किती मोठा होता हे आजच्या पोरांना सांगितलं की ती माझ्याकडे दया आल्यासारखी पाहतात, म्हणून अलीकडे मी थोडं कमी करूनच सांगते. आत्या कळंबला स्वतःच्या अंगणात खाकरली की इकडे बाभुळगावात आमच्या कोंबड्या खुराड्यातून बाहेर यायच्या. मधे कितीतरी शेतं, नाले आणि एक एसटी स्टँड आहे, हे मला माहीत आहे. पण कोंबड्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. जयंतीच्या कार्यक्रमात आत्या गायला उभी राहिली की माझे बाबा माईकचं बटण शून्यावर आणायचे, आणि तरीही मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या कानांवर पदर घ्यायच्या. बाबांचा धंदाच लाऊडस्पीकरचा. बहिणीच्या आवाजाला बटण नाही याचं त्यांना जन्मभर वाईट वाटत राहिलं.

आमचं घर दोन खोल्यांचं, आणि त्यातली दीड खोली भोंग्यांची. ॲम्प्लिफायरवर आई पापड वाळवायची, कारण तो दिवसभर तापलेला असायचा. भोंग्यात मी माझी वेणीची रिबन, चिंचा आणि शाळेतून आलेल्या तक्रारी लपवायची. सकाळी जाग यायची ती ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ने, आणि त्यामागून चुलीवरच्या तव्याचा चर्रर्र आवाज. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून जवसाची चटणी. बाबा एका हातात भाकर, दुसऱ्या हातात वायर धरून जेवायचे आणि कधीकधी चुकीच्या हातातलं तोंडात घालायचे. नागपूरहून त्यांनी एक मिक्सर आणला होता. चटणीचा नव्हे, आवाजाचा. आठ माईक जोडा, आठांचा आवाज हवा तसा कमीजास्त करा, आणि सगळा मिळून एकाच तोंडातून बाहेर काढा. तो आला त्या दिवशी आईने त्याला हळद-कुंकू लावण्याऐवजी फडक्याने पुसलं आणि म्हणाली, “आठ जणाईचं ऐकते अन् एकच बोलते. असा माणूस या घरात पयल्यांदा आला.”

माझं तेव्हा कॉलेज संपलेलं आणि पुढचं काही सुरू झालेलं नव्हतं. अंगात मुंग्या भरल्यासारखं व्हायचं. बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की यवतमाळला जावंसं वाटायचं, यवतमाळच्या बसमध्ये बसलं की पार कलकत्त्याला. हाताला चाळा म्हणून मी सोल्डरगन धरली आणि मग ती सुटली नाही. बाबा खांबावर भोंगा बांधताना खाली आले, भोंगा त्यांच्या मागोमाग आला, आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, तेव्हापासून मंडपातल्या वायरी माझ्या ताब्यात आल्या. बाबा खुर्चीत बसून डाव्या हाताने मला दिशा दाखवायचे. दिशा बहुतेक वेळा चुकीची असायची, कारण त्यांच्या डाव्या हाताला धंदा माहीत नव्हता.

आता गाण्याचं सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. गुणाआत्या सगळ्या भावंडांत थोरली. तिच्या पाठचे वामन, म्हणजे आमचे मोठेबाबा. मग शेवंताआत्या, मग झरीला जंगलखात्यात असलेले काका, मग बाबा. आत्याने या सगळ्यांवर एक गाणं रचलं होतं. कागदावर कुठेच नाही, सगळं डोक्यात. प्रत्येक भावंडाची कडवी, त्यात त्याची खोड, त्याचं कौतुक, आणि मधे मधे असा चिमटा की ज्याचं कडवं तो सोडून सगळे हसायचे. घरात लग्न असलं की ते गाणं व्हायचंच. शेवंताआत्याच्या मुलीच्या लग्नात मोठेबाबांनी ते आपल्या नव्या टेपरेकॉर्डरवर भरलं आणि मोठ्या मनाने सगळ्यांना कॉप्या वाटल्या. घरी जाऊन ऐकतात तर काय, कॅसेटची एक बाजू नेमकी शेवंताआत्याच्या कडव्यात संपलेली, आणि दुसरी बाजू सुरू झाली तेव्हा गाणं काकांवर पोहोचलेलं. शेवंताआत्या म्हणाली, मुद्दाम कापलं. मोठेबाबा म्हणाले, कॅसेटले काय समजते तुहं कडवं कोणतं. वर ते असंही म्हणाले की ओरिजिनल माझ्याजवळ आहे, कॉपी म्हणजे उष्टं, उष्ट्यात मीठ कमी म्हणून कोणी भांडते का? झालं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलेनात. आमच्या घराण्यात ‘कॉपी’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. झरीवाल्या काकांनी तर कुत्र्याला हाकलतानाही तो वापरल्याचं मी ऐकलं आहे.

आणि मग आत्याच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं, गाठ निघेल, बाई राहील, आवाजाचं सांगता येत नाही. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी आत्या आमच्याकडे मुक्कामाला आली आणि तिने निरोप धाडला, सगळे या, गाणं म्हणते.

“पण एकदाच म्हणीन,” दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबांना म्हणाली. “पुन्हा म्हण, हे राह्यलं, ते राह्यलं, असं कोनी म्हनू नोका. गळा का नगरपालिकेचा नळ हाय?”

बाबा म्हणाले, “आक्का, मी भरून घेतो न व्यवस्थित. मंग सगळ्याईले देतो करून...”

“काय देतो?” शेवंताआत्या दारातूनच म्हणाली. ती आत्ताच उतरली होती, हातात टेपरेकॉर्डर, तोही लेकरू धरावं तसा छातीशी. “कॉपी? मी नाही घेत बाप्पा. माह्या मशीनमंधी भरीन, माह्या हातानं भरीन.”

मागून मोठेबाबा आले. त्यांचा रेकॉर्डर दोघांनी उचलावा एवढा. ते शेवंताआत्याकडे न पाहता भिंतीला म्हणाले, “मी बी माह्याच मशीनमंधी भरतो. लोकाइचं उष्टं मले चालत नाही.”

अशी चार मशिनं जमणार होती. मोठेबाबांचं, शेवंताआत्याचं, काकांचं आणि आमचं. मिक्सरला बाहेरचं तोंड एक. शिवाय बारा वाजता लाईट जायची, ती संध्याकाळी यायची, आणि संध्याकाळची गाडी आत्याला नागपूरला नेणार होती. म्हणजे जे काय ते बाराच्या आत. काका अजून पोहोचले नव्हते. पुढच्या खोलीचा मी स्टुडिओ केला होता, म्हणजे भिंतींवर, खिडकीवर, दारावर गोधड्या टांगल्या होत्या, पंखा बंद केला होता, आणि मे महिना होता. मी नेहमी सांगते की त्या दिवशी भिंतीवरच्या पालीने घाम पुसला. कोणी विश्वास ठेवत नाही, पण ते त्या खोलीत नव्हते.

एकालाही बसवत नव्हतं. मोठेबाबा गोधडी वर करून रस्ता पाहायचे, शेवंताआत्या आपली कॅसेट काढून पुन्हा घालायची, बाबा प्लास्टरवर बोटं वाजवायचे, आई दर दोन मिनिटांनी पन्हं आणायची आणि कोणी घेतलं नाही की परत न्यायची. एकटी गुणाआत्या मधोमध सतरंजीवर बसून लसूण सोलत होती. मी सोपा रस्ता धरला. काकांचं यायचं होतं, तोवर आलेल्या तिन्ही मशीनच्या वायरी एकत्र पिळल्या आणि मिक्सरच्या तोंडात खुपसल्या. आत्याला म्हटलं, काहीतरी बोल. ती म्हणाली, “लसून कडू निंगाला.” तेवढ्यानेही मशीनवरचे आवाज दाखवणारे काटे हलले. मी खूश. इतक्यात शेवंताआत्याने कॅसेट बदलायला आपलं मशीन बंद केलं, आणि मोठेबाबांच्या मशीनचा काटा बेशुद्ध पडल्यासारखा खाली आला.

“पाह्यलं का!” मोठेबाबा उभे राहिले. “पाह्यलं का सगळ्याईनं? हे असंच करते. मशीन तिनं बंद केलं, आवाज माहा गेला!”

“मी माहं बटन दाबलं! तुहं मशीन खटारा हाय त्याले मी काय करू?”

“दोघंही बसा,” आत्या म्हणाली. दोघंही बसले. लहानपणापासूनची सवय.

मी वायरी हातात घेऊन पाहत राहिले. चूक माझी होती, आणि ती अगदी आमच्या घरासारखी होती. सगळ्यांना एका गाठीत बांधलं होतं, त्यामुळे एक रुसला की बाकीच्यांना ओढून नेत होता. बाबा खुर्चीतून ओरडले, “बेबे, प्रत्येकाच्या वायरीत येक येक रेझिस्टन्स टाक! मंग ज्याची ओढ त्याच्याजोळ राह्यते!” या वेळी डाव्या हाताने दाखवलेली दिशा बरोबर होती. रेझिस्टन्स म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, रंगीत पट्ट्यांची वस्तू. मागच्या खोलीत मेलेले रेडिओ होते. मी एकाचं पोट फाडलं, दाणे उपटले, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला एका बाजूने एक भोक आणि दुसऱ्या बाजूने चार भोकं पाडली, आत सोल्डर मारलं. घाई एवढी की एक डाग माझ्या अंगठ्यावरच पडला. तो पांढरा ठिपका अजून आहे. नातवंडांना मी सांगते की ती गोळीची जखम आहे.

तेवढ्यात काका आले, बस बंद पडल्यामुळे ट्रॅक्टरवर बसून, खांद्यावर रेकॉर्डर आणि पिशवीत सेल. झरीला लाईटचा भरवसा नव्हता. “माहं सेलवर चालते,” ते म्हणाले. “आमच्याकडं रात्री मी भजन लावलं की वाघ येऊन बसते कुंपनापाशी. बंद केलं की गुरगुरते.” काका माझे गुरू होते.

मी डबा जोडला. शेवंताआत्याला म्हटलं, बंद करा मशीन. तिने केलं. मोठेबाबांचा काटा जागचा हलला नाही. काकांना म्हटलं, वायरच उपटा. उपटली. बाकीचे काटे शहाण्या लेकरांसारखे उभे. खोलीत पहिल्यांदा शांतता झाली, आणि त्या शांततेत मोठेबाबांनी नियम घातला. “आता एक गोष्ट. कोणी कोणाच्या मशीनले हात लावायचा नाही. ज्याचं मशीन त्याचं बोट.” शेवंताआत्याने मान हलवली. किती वर्षांनी त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं!

“दाबा,” मी म्हटलं. चार ठिकाणी खटखट झाली. आत्याने लसणाची परडी बाजूला सारली, हात पदराला पुसले, आणि गायला लागली.

त्या आवाजाबद्दल मी खोटं सांगायची गरज नाही. गोधड्या हलल्या. आपापल्या मशीनवर वाकलेली माणसं आधी काट्यांकडे पाहत होती, मग हळूहळू आत्याकडे पाहू लागली. शेवंताआत्याचं कडवं आलं, पूर्ण आलं, आणि तिने डोळे मिटून ते असं ऐकलं की जणू हरवलेली म्हैस घरी आली. काकांचं आलं, त्यात वाघही आला. बाबांचं आलं, खांबावरून पडण्यासकट. मग मोठेबाबांचं:

वामनभाऊ माहा, जीव त्याचा आंब्यापाशी,
पाच कैऱ्या वाटल्या अन् साहावी खिशापाशी.

काका फुटले. शेवंताआत्या तर पदर तोंडात कोंबून हसू लागली, आणि ते हसू जरा जास्त वेळ चाललं. मोठेबाबांचा चेहरा काळा पडला. त्यांनी वाकून आपली वायर उपटली, जमिनीवर टाकली, गोधडी बाजूला केली आणि तरातरा बाहेर गेले, ते थेट चौकात. मशीन बंद करायचंही भान राहिलं नाही. कॅसेट फिरतच होती, नुसती.

आणि माझा डबा टिकला. बाकीच्या तिन्ही काट्यांना पत्ताही लागला नाही. एखाद्या बाईने पहिल्यांदा गोल भाकर थापावी तसा मला आनंद झाला. पण आत्या थांबली नव्हती. तिने दाराकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि ज्या जागी गाणं दर वेळी संपायचं त्याच्या पुढे गेली. हे कडवं आम्ही कोणीच ऐकलं नव्हतं.

बाप गेला तवा याले मिसरूडबी नोहतं,
चार जोड चपला आल्या, याच्या पायी नोहतं.

कापसाच्या जिनिंगमध्ये रुईचे गठ्ठे वाहणारा पोरगा आला त्यात, सुटलेली शाळा आली, तापलेल्या सडकेवरचे उघडे पाय आले. चिमटा कुठेच नाही. माझ्या पायापाशी मोठेबाबांची वायर पडली होती, आणि त्यांचं सगळं कौतुक त्या वायरीतून फरशीवर सांडत होतं. मशीन फिरत होतं. पिन उचलायची, भोकात घालायची, एवढंच काम. मी हात पुढे केला. शेवंताआत्याने माझं मनगट धरलं आणि आवाज न करता नुसत्या ओठांनी म्हणाली, ज्याचं मशीन त्याचं बोट. तिची पकड एवढी घट्ट की मला वाटलं आता हाही हात प्लास्टरमध्ये जातो. पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हेही मी पाहिलं.

गाणं संपलं. लाईट गेली ती त्यानंतर, पोटभर जेवून उठावं तशी. मोठेबाबा परत आले, मशीन उचललं आणि गेले. आई मागून “पाटवड्या केल्या हो भाऊजी” म्हणत राहिली.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आत्या राहिली, आवाज गेला. गळ्यातून नुसती हवा यायची, त्या हवेचे शब्द कान लावून गोळा करावे लागायचे. विश्रांतीला ती आमच्याकडेच होती. कोंबड्या वेळेवर उठेनाशा झाल्या. शेवटच्या कडव्याबद्दल मोठेबाबांना कोणी सांगायचं नाही, असा शेवंताआत्याचा हुकूम होता. तो तिने स्वतःच दिवाळीत काकांकरवी मोडला. तोंडाने बोलणं अजूनही नव्हतं ना.

मग एका रविवारी दुपारी मोठेबाबा दारात उभे. काखेत ते धूड मशीन, हातात नवी कोरी कॅसेट. आत्या बाजेवर मिरच्यांची देठं खुडत होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

“बेबे,” ते म्हणाले, “थे... थे जरा लावून दे.”

“काय मोठेबाबा?”

“थे गानं. मांगं माहं मशीन जरा बिघडलं होतं.”

“म्हणजे कॉपी मारू का?” मी विचारलं. मी काही साधी पोरगी नव्हते.

मोठेबाबांनी हातातली कॅसेट उलटसुलट केली. “मार,” ते म्हणाले.

मी आमचा रेकॉर्डर आणि त्यांचं मशीन एका वायरीने जोडलं. त्यांच्या मशीनचं बटण त्यांनीच दाबलं, नियम होता. गाणं सुरू झालं. समोर आत्या, आवाज मशीनमध्ये. कैरी आली तेव्हा मोठेबाबा थोडे हलले, पण उठले नाहीत. शेवटचं कडवं आलं तेव्हा त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. चांगल्या कातडी चपला होत्या. त्यांनी त्या हळूच काढून बाजेखाली सरकवल्या आणि उघडे पाय फरशीवर ठेवून बसले. आत्या मिरच्या खुडतच होती. गाणं संपलं, कॅसेट खरखरली, आणि आत्या त्या हवेच्या आवाजात काहीतरी म्हणाली. मी कान लावला.

“त्याले म्हना,” ती म्हणत होती, “बटन दाबलं का?”

आम्ही पाहिलं. नुसतं ‘प्ले’ दाबलेलं. शेजारचं, गाणं भरायचं लाल बटण वरच. कॅसेट फिरली होती, भरलं काहीच नव्हतं.

“थे बटन बसत नाही बरोबर,” मोठेबाबा म्हणाले. “पुढच्या रविवारी येतो.”

पुढच्या रविवारी वायर घरी राहिली. त्याच्या पुढच्या रविवारी कॅसेट उलटी लागली. मग पुन्हा बटण. मी म्हणायची, मोठेबाबा, द्या इकडं, मी दाबते, आणि ते माझ्यावर डोळे वटारायचे. “ज्याचं मशीन त्याचं बोट! इसरली का?” आई त्यांच्यापुरत्या पाटवड्या आधीच करून ठेवू लागली. एके रविवारी पाहते तर शेवंताआत्याही येऊन बसलेली, मोठेबाबांकडे पाठ करून, भिंतीला म्हणत, “काही लोकाइले बटन दाबता येत नाही.” आणि मोठेबाबा दुसऱ्या भिंतीला म्हणत, “काही लोकाइले बोलावलं कोनं?” दोघांच्या मधे बसलेली आत्या हसायची, आवाज नसलेलं हसू, नुसते खांदे हलायचे.

आता माझा नातू फोनवर एक बोट दाबतो आणि गाणं चाळीस माणसांना जातं. डबा नाही, दाणे नाहीत, अंगठा भाजत नाही. मी विचारते, ऐकलं का रे कोणी? तो म्हणतो, आजी, पोहोचलं ना. मला अजूनही एका जागी बसवत नाही. रविवारी दुपारी तर नाहीच.

मोठेबाबा गेल्यावर त्यांच्या मुलाने ते धूड मशीन माझ्याकडे आणून टाकलं. म्हणाला, भंगारात द्यायच्या आधी तुले पाह्यजे असन तं घे. कॅसेट आतच होती. मी दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. खरखर, बाकी काही नाही. मग मशीन उघडून, पुसून, त्याचं लाल बटण दाबून पाहिलं. लोण्यात बोट जावं तसं खाली बसलं.